मृत्युलेखातली दुरुस्ती

साहेब वकील, दोनदा निवडून आलेले पुढारी आणि आमच्या साप्ताहिकाचे संपादक. मी उपसंपादक, म्हणजे अग्रलेख सोडून बाकी सगळ्याचा हमाल. गेल्या वर्षी साहेब सोलापूरला दवाखान्यात व्हेंटिलेटरवर होते. बुधवारी डॉक्टर म्हणाले, नातेवाइकांना बोलावून घ्या. आमचा अंक बुधवारीच छपाईला जातो. थांबलो असतो तर बातमी आठ दिवस शिळी झाली असती. मी शहाणपणा केला आणि मृत्युलेख छापून मोकळा झालो.

शुक्रवारी साहेब शुद्धीवर आले.

तोवर आमच्या धाराशिवात चौकात श्रद्धांजलीचे फ्लेक्स लागले होते. लोकांनी मला शिव्या घातल्या, मग हसले, मग विसरले. साहेब मात्र घरी आल्यावर कोर्टाकडे फिरकले नाहीत. पक्षकार आला की शांतपणे सांगायचे, "वकीलसाहेब गेले. दुसरा वकील बघा." हळूहळू लोक त्यांच्यासमोरच आपापसांत बोलायला लागले, समोरची खुर्ची रिकामी असल्यासारखे. मला त्या घरात पाऊल टाकायची भीती वाटायची.

एका दुपारी त्यांनी बोलावलं. पुढ्यात तो अंक, हातात लाल पेन. सवयीनं प्रूफ तपासलेलं. एक अख्खं वाक्य कापलं होतं: आणीबाणीत त्यांनी तुरुंगवास भोगला.

"हे खोटंय," ते म्हणाले. "ते कधी आत गेलेच न्हाईत. मुरूमला बहिणीच्या घरी माळ्यावर होते, करडईच्या पोत्यांमागं. परत आल्यावर लोकांनी जेलातनं सुटले समजून हार घातला. त्यांना न्हाय म्हणता आलं न्हाय."

"कोण, साहेब?"

"ज्यांच्यावर तू लिहिलंस ते."

एखाद्या अशिलाची बाजू मांडावी तसा आवाज होता, अगदी कोरडा.

"खुलासा छाप. लेखात चूक झाली म्हण."

"साहेब, तुम्ही आहात एवढाच खुलासा छापतो."

"ते राहू दे. हे छाप. माणूस गेलाय, आता त्याला कुठं निवडणूक लढवायची हाय?"

मी हो म्हणालो आणि छापलं दुसरंच: आमचे संपादक सुखरूप आहेत. त्या तुरुंगाची गोष्ट मी स्वतः किती सभांमधून सांगितली होती, टाळ्या घेतल्या होत्या. मी घाबरलो, दुसरं काही नाही. साहेबांनी अंक वाचला, नीट घडी घातली. त्यानंतर माझ्याशी बोलले नाहीत. दर शुक्रवारी मी नवा अंक न्यायचो. ते पानाच्या तळापर्यंत बोट फिरवत जायचे आणि अंक मिटून ठेवायचे.

पौषात ते खरोखर गेले. जुना मजकूर कंप्युटरवर तयारच होता. तुरुंगवासाच्या त्या वाक्यापाशी मी बराच वेळ थांबलो. खोलीत कुणी नव्हतं, तरी मागं कुणीतरी वाचत उभं आहे असं वाटत राहिलं. मी वळून पाहिलं नाही. मी तारीख तेवढी बदलली.