बाळंतिणीची खोली आणि बारा कॉम्प्युटर

जुना कॉम्प्युटर कधी एकटा घरात येत नाही. वायर नसते, झाकण नसतं, निम्मी बटणं गायब असतात, पण एक किस्सा मात्र हटकून सोबत येतो! आमच्याकडं असे बारा कॉम्प्युटर आहेत. किस्से किती, ते मोजायच्या भानगडीत मी पडत नाही.

आमच्याकडं म्हणजे कराडात, माझ्या घराच्या मागच्या खोलीत. माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. आता ते धाकटा बघतो, पण हातातलं सोल्डरिंग सुटेना म्हणून हा नाद लागला. नादाला जोडीदार दोन. एक कडेगावचे सुभेदार. फौजेत वायरलेसवर होते, आता ऊस आणि टक्कल सांभाळतात. दुसऱ्या सांगलीच्या कुलकर्णी बाई, शाळेत गणित शिकवून रिटायर झालेल्या. दर रविवारी आम्ही तिघं जमायचं आणि टीव्हीला जोडून चालवायचे ते जुने घरगुती कॉम्प्युटर उघडून बसायचं. चालू झाला की चहा, नाही झाला की दोन चहा.

सगळं झकास चाललं होतं. आणि थोरली लेक प्राजक्ता पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार असं ठरलं.

आमच्या हिनं कमरेला पदर खोचला. "ती खोली बाळंतिणीला पायजे. आणि आयका, बारशाला पावणे यायच्या आत ह्या घरात मला एक वायर दिसता कामा नये. न्हाई तर भंगारवाल्या बबनला मी सोता सांगावा धाडते!"

झालं! आमचा जीव टांगणीला लागला तो तेव्हापासून.

*

हिचा राग तसा जुनाच. त्याला कारण शिराळ्याकडचे एक गुऱ्हाळवाले पाहुणे.

त्यांनी गुऱ्हाळाच्या ऑफिसातलं बंद पडलेलं मशीन आणून दिलं. उघडतोय तर आत काकवी! एक बटण दाबलं की शेजारची चार त्याच्यासंगं खाली जायची. मुंग्यांनी तर आत अख्खं गाव वसवलेलं. तिथून निघून त्या थेट आमच्या साखरेच्या डब्यात गेल्या.

सुभेदारांनी मदरबोर्ड काढला, न्हाणीतल्या नळाखाली धरला आणि टूथब्रशनं खसाखसा घासायला लागले. पाहुणे ओरडले, "आवं, आवं! करंट बसंल की!"

"प्लगच लावला न्हाई तर करंट काय नळातनं यील व्हय?"

दोन दिवस कडक उन्हात वाळवला, जोडला आणि चालू केला. पहिल्या दणक्यात चालला! पाहुणे एवढे खूश झाले की आल्यागेल्याला सांगत सुटले. पुढच्या आठवड्यात त्यांचा फोन.

"दाजी, तुमचं बघून आमचा टीव्ही धुतलाय. किती दिवस वाळवायचा?"

*

जुनं प्लॅस्टिक पिवळं पडतं. त्यावर केस ब्लीच करायचं क्रीम फासायचं, वरून प्लॅस्टिकचा कागद गुंडाळायचा आणि उन्हात ठेवायचं. पहिल्यासारखं पांढरं होतं. हे क्रीम मिळतं लेडीज पार्लरमध्ये. बाई नेमक्या गावाला गेलेल्या, मग सुभेदारांना धाडलं.

पार्लरमधल्या मुलीनं त्यांच्या टकलाकडं नीट बघितलं. "काका, कुणाला लावायचंय?"

"घरी एक हाय. पार पिवळं पडलंय."

"वय काय?"

"चाळिशीच्या पुढं. पर लय जपलंय मी! आता हे फासून, प्लॅस्टिकात गुंडाळून, दिसभर गच्चीवर उन्हात ठिवतो."

मुलगी दोन पावलं मागं सरकली.

"काकूंना विचारलंय का?"

तेच क्रीम फासलेले कीबोर्ड आमच्या गच्चीवर एका चटईवर, शेजारच्या चटईवर हिच्या कुरडया. हिला म्हटलं, जरा कावळ्यांकडं बघ. तर म्हणते कशी, "कावळ्यानं तुमचा डबा उचलून न्हेला, तर मी त्येला रोज घास घालीन!"

*

एका पतसंस्थेतून फ्लॉपीवाला कॉम्प्युटर आला. फ्लॉपी घातली की नुसता करकरायचा. बाईंनी चिमट्यानं आतून एकेक ऐवज काढला: अक्षता, हळद-कुंकू, झेंडूच्या पाकळ्या, आणि शेवटी पेढ्याचा वाळून दगड झालेला तुकडा!

दर खंडेनवमीला पूजा व्हायची म्हणे. ती करणारे जुने शिपाई मशीन पोचवायला आलेच होते. बाई त्यांना शाळेतल्या आवाजात म्हणाल्या, "अहो, पूजा बाहेरून करायची असते."

शिपाई फ्लॉपीच्या फटीकडं बोट दाखवून म्हणाले, "मग निवद कुठं दावायचा बाई? तोंड तर हितंच हाय की!"

बाईंनी तो पेढ्याचा दगड कागदात बांधला आणि प्रसाद म्हणून शिपायांच्या हातावर ठेवला.

*

तर खोली रिकामी करायची वेळ आली. बारा कॉम्प्युटर ठेवायचे कुठं?

बाईंना विचारलं. त्या सांगलीत तळमजल्यावर राहतात. म्हणाल्या, "आमच्याकडं अधूनमधून कृष्णामाईच मुक्कामाला येते. तिला गादी द्यायची की तुमच्या कॉम्प्युटरला?"

सुभेदारांच्या घरात सून आणि तिचं शिलाई मशीन. उरला गोठा. त्यांनी हिय्या करून एक मशीन गोठ्यात ठेवून बघितलं. दुसऱ्या दिवशी फोन आला.

"म्हशीनं कीबोर्ड चाटला."

"बिघडला?"

"कीबोर्डाला काय झालं न्हाई. पर म्हस आता पेंड खाईना, त्येच्याकडंच मान करून हुबी ऱ्हाती!"

मशीन परत कराडला. बाराच्या बारा व्हरांड्यात, ताडपत्रीखाली.

*

प्राजक्ता आली. दिवस भरले, नातू झाला. दोघं सुखरूप घरी आली. आनंदी आनंद!

पण नातू म्हणजे काय सांगू! दुपार झाली की जो टाहो फोडायचा, तो दिवेलागण होईपर्यंत. डॉक्टर म्हणाले, सगळं ठीक आहे, काही पोरं रडतातच. हिनं अंगाई म्हटली, दृष्ट काढली, मिरच्या उतरवल्या. शेजारच्या काकू झोळीला झोका देऊन देऊन खांदा धरून बसल्या. प्राजक्ता रडकुंडीला आलेली. घरात कुणाला घास गोड लागत नव्हता.

असं करता करता बारशाचा आदला दिवस उजाडला. दुपारी बबन टेम्पो घेऊन येणार होता. हिनं सांगावा धाडलाच होता, आणि त्या रडारडीत वाद घालायला तोंड कुणाला होतं? मी मुकाट्यानं हो म्हटलं. सुभेदार आणि बाई निरोपाला आले. मी उगाच एकेका डब्यावरची धूळ पुसत होतो. बाई तर ताडपत्री सारखी करायच्या निमित्तानं पाठ करून उभ्या होत्या.

सुभेदार म्हणाले, "शेवटचं एक चालवून बघू या रं."

सगळ्यात जुना काढला. त्यावर गेम चढवायची म्हणजे टेपरेकॉर्डरला जोडून कॅसेट लावायची. कॅसेटवरची गेम म्हणजे नुसती किरकिर, ती कॉम्प्युटरलाच कळते, आणि वायर नीट बसली की आवाज बाहेर येत नाही. पण माझा एक कान बबनच्या टेम्पोकडं होता. पिन निसटली आणि टेपचा स्पीकर फुल आवाजात सुरू झाला: क्रींऽऽऽ खर्रर्रर्र क्रींऽऽऽ खर्रर्रर्र! अख्ख्या गल्लीच्या कानठळ्या बसल्या.

आणि आतलं रडणं कचकन थांबलं.

सुभेदार पुटपुटले, "आयला! पोरगं दचकलं का काय?" मी टेप बंद करायला धावलो. बटण दाबलं मात्र, आत नातवानं टिपेचा सूर लावला! गडबडीत परत चालू केली. क्रींऽऽऽ खर्रर्रर्र! रडणं बंद.

प्राजक्ता दारात आली. केस विस्कटलेले, डोळे मोठ्ठे. "बाबा," ती हळूच म्हणाली, "झोपला."

जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं! बाई मटकन पायरीवर बसल्या आणि हसायला लागल्या. सुभेदारांनी टोपी काढून टकलावरचा घाम पुसला.

तेवढ्यात फाटकाशी टेम्पो. बबननं झोकात हॉर्न दिला. आतून ही वाऱ्यासारखी बाहेर आली, ती तडक फाटकापर्यंत.

"ए बबन्या! हॉर्न बंद कर आधी! पोरगं झोपलंय!"

"काकी, तुमीच बोलावलंय न्हवं? कॉम्प्युटरचं भंगार..."

"कसलं भंगार? हितं भंगार न्हाई काय न्हाई. जा तू!"

बबन गेला. ही परत व्हरांड्यात आली. आमच्या तिघांकडं बघितलंसुद्धा नाही. टेपरेकॉर्डरपाशी वाकली, आत किती पट्टी उरलीय ते निरखलं आणि माझ्याकडं वळून कुजबुजली,

"आवं, बघत काय बसलाय? कॅसेट संपत आली. दुसरी बाजू लावा!"