मंत्रिसाहेबांची डाळ

देशाचा परदेशी व्यापार एका सोमवारी सकाळी आमच्या देवघरात बुडाला, आणि त्याचं खापर मी बरीच वर्षं आईच्या डोक्यावर फोडत आलो.

लातूर जिल्हा नवा नवा झालेला. अहमदपुरात माझी छोटी डाळमिल. मंत्रिसाहेब व्यापार आणि मैत्री वाढवायला परदेशी निघालेले. नव्या जिल्ह्याची तूरडाळ तिकडच्या व्यापाऱ्यांना दाखवायची ठरली. नमुना कुणाचा? माझा! (बाकीच्यांनी दुष्काळामुळं हात वर केले होते, हे मी गावात कुणाला सांगितलं नाही.) माझी बायको मंगल आणि मिलमधल्या चार बायांनी तीन दिवस एकेक दाणा निवडून पाच किलो डाळ डब्यात भरली. तसली आणखी मूठभर डाळ अख्ख्या तालुक्यात नव्हती. नमुना पसंत पडला तर मिल चालणार, नाहीतर कुलूप.

दहा वाजता डबा न्यायला तहसीलची जीप यायची होती. मी आंघोळ केली, कपाळभर, अंगभर भस्म लावलं आणि यश यावं म्हणून डबा देवापुढं ठेवला. कुणाला न सांगता! पूजा उरकून चहा प्यायला गेलो. येऊन बघतो तर डबा रिकामा.

"अव्वा, डाळ कुठाय?"

"मठातले स्वामी आलते, त्यांना दिली की," आई म्हणाली. "सोमवारची भिक्षा नको का द्यायला?"

"पाच किलो?"

"देवापुढचं धान्य स्वामींचंच असतंय. इतकं बी कळंना का रे तुला? लई खूश झाले बघ. म्हणले, असल्या दुष्काळात तुमच्या लेकाचं काळीज केवढं!"

"अव्वा, ती मंत्र्यांची डाळ होती!"

"मग मंत्र्यांपुढं ठेवायची. देवापुढं कशाला ठेवलास?"



रिकामा डबा काखेत मारून मी होतो तसा मठाकडं पळालो. उघडा, लुंगीवर, अंगाला भस्म! मोंढ्यात, भर धान्यबाजारात, हमाल ओरडले, "शेठ, संसार सोडला काय?" काय सांगणार डोंबल!

स्वामी देवमाणूस. "न्या की बाबा," म्हणाले आणि झोळी पुढं केली. आत बघतो तर सात घरची भिक्षा एकात एक! ज्वारी, तांदूळ, हरभरे, मटकी, आणि त्यात माझी एकेक दाणा निवडलेली डाळ!

"अहो स्वामी, वेगळी ठेवायची की हो!"

"झोळीत कसलं वेगळं, बाबा? सगळी घरं सारखीच."

सुपं घेऊन बसलो. मी, स्वामी आणि मागनं धावत आलेली मंगल. तिचा तर नुसता जाळ झालेला. "तीन दिवस मान मोडून निवडली, आन् आता पुन्हा तेच करायले मी!" जेमतेम दोन किलो निघाली आणि आम्हाला शोधत जीप मठाच्या दारात येऊन हॉर्न वाजवायला लागली. मग मी व्यापाऱ्याचं डोकं चालवलं. खाली झोळीतला माल, वर निवडक डाळ, आणि झाकणाला लाखेचं सील!

"अहो, लातूरचा रस्ता बघितलाय का? सगळं हलून एक होईल," मंगल म्हणाली.

"तू गप बस!" मी म्हणालो. (मी हे वाक्य जेव्हा जेव्हा म्हणालोय, तेव्हा तेव्हा नुकसान माझंच झालंय.)

डबा गेला, मंत्री गेले, दौरा आटोपला. महिन्याभरानं जिल्ह्याचे एक साहेब स्वतः मिलवर आले.

"अभिनंदन! तिकडच्या व्यापाऱ्यांना तुमचा नमुना फार पसंत पडला."

माझे डोळे भरून आले. मी मिशीला पीळ देऊन मंगलकडं बघितलं.

साहेब पुढं म्हणाले, "डबा उघडल्याबरोबर म्हणाले, इतकं छान मिसळलेलं खाद्य आम्ही आजवर पाहिलं नाही. त्यांच्या कबुतरांनी दोन दिवसांत फस्त केलं."

मंगलनं तोंडाला पदर लावला. आणि मी? मी लाजलो नाही, रागावलो नाही. खुर्ची साहेबांजवळ ओढली आणि हळूच विचारलं, "साहेब, महिन्याला किती पोती लागतील त्यांच्या कबुतरांना?"