समुद्राकाठी मऊ भात

मी समुद्रावरून आले तव्हापासून समदे इचारून राहिले, काय काय खाल्लं? काय सांगावं, बाई. बसा, चहा घ्या. हसू आलं तर हसा, मला राग न्हाई.

आमचे मालक होळीच्या आदी गेले. जन्मभर कापूस अन् सोयाबीन पाह्यलं, समुद्र काही पाह्यला न्हाई. "एकडाव जाऊ," म्हणायचे, अन् शेजारच्या जवळा बाजार गावापस्तोर जाऊन माघारी यायचे.

दिवाळीला नातसून आली, कल्याणी. पुण्याची पोरगी, सणावारालाच येते. म्हणली, "आजी, तुम्हाला समुद्रावर नेते. तिथं एकदाच पैसे भरायचे, राहणं, जेवण, चहा, सगळं त्यातच. जागा तुम्हीच निवडा."

मोबाईलवर एक जागा दाखवली.

"पायऱ्या लई हायेत गं. गुडघे चालत न्हाईत."

दुसरी दाखवली.

"पलंगावर पडल्या पडल्या समुद्र दिसंल का?"

"दिसेल, आजी."

"मग हीच. पर तिखट नको, पोटात आग होते. भात मऊ सांग, दात न्हाईत."

पोरीनं समदं लिहून कळवलं.

आता आमच्यात बायको मालकाचं नाव घेत न्हाई. पन्नास वर्षं मी अशीच बोलले. गोळी घेतली का म्हणावं, भात मऊ टाक म्हणावं. कोणाचं बोलून राहिले, ते घरात समद्यांला ठाऊक. ह्या नव्या पोरीला कुठून ठाऊक असणार?

तिथं पोचलो, तर दारात चाकाची खुर्ची.

"बसा, आजी."

"मी काहून बसू? परवा कापूस वेचून आले मी."

कल्याणी म्हणली, "तुमचे गुडघे दुखतात ना?"

जेवायला गेलो. लोकांच्या ताटात मासे, भजे, काय न्हाई ते. माह्यापुढं गिचका भात अन् पांचट वरण. मी ठेच्याबिगर घास न उतरणारी बाई. वाढणारीला म्हणले, "एक मिरची आण, माय."

"माताजी, आपको तीखा मना है."

"कोणी मना केलं?"

"आपने."

तव्हा ध्यानात आलं. गुडघे कोणाचे, पोट कोणाचं, दात कोणाचे. घास हातातच राह्यला.

"आजी, रडताय का?"

"न्हाई गं. वरणात मीठ कमी हाय."

पोरीनं एवढ्या हौसेनं आणलेलं. तिला कसं सांगू, की मी गेलेल्या माणसासाठी जागा निवडली?

मग तीन दिवस त्याच खुर्चीत बसले, तोच भात खाल्ला. पलंगावरून समुद्र बराबर दिसायचा. खिडकीकडची बाजू मी मोकळी सोडली, अन् अलीकडं निजले.

पन्नास वर्षं ह्यांच्या पथ्याच्या नावानं बोटं मोडली. ह्यांना काही नेणं झालं न्हाई. पथ्याला तेवढा समुद्र दाखवून आणला, अन् तेही मीच खाऊन.