कोपऱ्यातली ओल

कॉलनीतल्या कॅरमच्या अंतिम सामन्यात माझ्या धाकट्या भावाची, विनूची, राणी भोकाच्या काठाशी येऊन थांबली ती माझ्यामुळे, हे मी आजवर कोणालाही सांगितले नव्हते. थोरला म्हणून कॅरमवर बोरिक पावडर पसरण्याचा मान माझा असे. त्या दिवशीही मी बोर्ड निगुतीने पुसला, आणि विनूच्या आवडत्या कोपऱ्यावरून ओला अंगठा फिरवला.

आज तो आपल्या मुलीला कॅरम शिकवत होता. स्ट्रायकर त्याच्या बोटापासून सुटला आणि आवाजही न करता सरकत गेला. बोट मागे राहते, धक्का संपतो, तरी वस्तू जातच राहते; वाटेत काही घासले नाही, तर तिला थांबायचे कारणच नसते. विनूचे सगळेच असे सहज होते. मला मात्र दर पावलाला नवा धक्का लागत आला. त्याच्या सहजपणाचा मत्सर या वयात, त्या क्षणीसुद्धा, मला वाटत होता. सोंगटीला अडवते ते लाकूड. त्याला अडवले ते मी.

“बाबा, तुम्ही स्पर्धेत का नाही उतरत?” मुलीने विचारले.

“एकदा अंतिम सामन्यात राणी ऐन वेळी अडली गं. हातच कच्चा माझा. विचार काकांना, ते होते तिथे.”

तो हसून माझ्याकडे पाहू लागला.

“विनू,” मी म्हणालो, “हात कच्चा नव्हता तुझा. तो कोपरा मी ओला केला होता. तुझं ते सहज खेळणं मला बघवत नव्हतं. मला माफ कर.”