गोठ्याचा भाव

आमच्या वाशीमला घरपट्टीच्या आकारणीसाठी नगरपालिकेची माणसं यायची, त्या दिवशी गल्लीत कुणाकडे घर नसायचंच. असायचे ते गोठे, कारण गोठ्याला पट्टी नावापुरतीच. खबर आदल्या दिवशीच पोचलेली असायची. सकाळी बघावं तर ज्याच्या त्याच्या बैठकीत बैल, ओसरीवर कपाशीच्या पऱ्हाट्यांचे भारे, नव्या खिडकीवर गोणपाट. कारकून दारातूनच आत डोकवायचा, नाकाला रुमाल लावून 'गोठा' असं लिहायचा आणि पुढं जायचा. ज्याच्याकडे बैल नसेल तो शेजाऱ्याचा मागून आणायचा. माझ्या आत्याचे यजमान तर या कामात पटाईत. बैठकीत नवी शहाबादी फरशी बसवली, तरी त्यांनी तिच्यावर कडबा पसरून बैल उभा केला आणि पुढं कितीतरी दिवस येईल त्या पाहुण्याला ही हकिकत ऐकवली. आम्ही सगळे पोट धरून हसायचो.

ते वारले तेव्हा मी मुलींच्या शाळेत मास्तरीण होते आणि आत्याकडेच राहत होते. घर दोघा भावांचं सामाईक होतं. अर्ध्यात आत्या, अर्ध्यात तिचा धाकटा दीर बायकोमुलांसह. विधवेला नवऱ्याच्या हिश्शाची पुरी मालकी देणारा कायदा नुकताच झाला होता, त्यामुळे दिराला तिला नुसतं हुसकावून लावता येईना. मग त्यानं खरेदीचा रस्ता धरला.

"वयनी, तुमचा हिस्सा मी घेतो," तो म्हणाला. "पाचशे देतो. आकारनीत गोठा लिवला हाये. गोठ्याले याच्यावर कोन देते?"

पाचशेत आत्याला वाशीमात धड एक खोली मिळाली नसती. तिला मूलबाळ नव्हतं. उरलं असतं ते रिठदला माझ्या वडिलांचं घर, तिथली भावजयीची चूल आणि जन्मभर मान खाली. माझी आई काही वाईट नव्हती, पण दुसरीच्या चुलीपाशी बसणं काय असतं हे बाईलाच कळतं. त्या संध्याकाळी आत्या मला म्हणाली, "पोरी, या घराची खरी किंमत काय हाये, थे पाह्य बरं." मी सकाळपासून नुसती धुमसत होते. आता रागाला काम मिळालं.

नगरपालिकेतल्या कारकुनानं मान वर न करता सांगितलं, "घरच्या बाप्याले पाठवा." मी म्हटलं, घरचा बाप्या वारला, म्हणूनच मी आले. आकारणीची यादी कुणालाही पाहता येते हे मला माहीत होतं, आणि पाहिल्याशिवाय ही बाई हलणार नाही हे थोड्या वेळानं त्यालाही कळलं. यादी उघडली तर आमची अख्खी गल्ली म्हणजे बैलबाजार. आत्याचं घर गोठा, समोरचं गोठा, कोपऱ्यावरचं दुमजली घरही खाली गोठा आणि वर वैरणीचा माळा. दीर खोटं बोलत नव्हता. खोटं आम्हीच लिहून घेतलं होतं.

मग मी खरेदीखतांची नोंद होते त्या कचेरीत गेले. लिंबाखाली अर्ज लिहून देणारे बसले होते, पण मी माझा अर्ज स्वतःच लिहिला आणि शोधाची फी भरली. तिथं वेगळीच तऱ्हा. मुद्रांकाचा खर्च वाचावा म्हणून लोक कागदावर अर्धी किंमत लिहीत आणि बाकीची हातोहात देत. ज्यांच्या व्यवहाराच्या गप्पा मी ओसरीवर ऐकल्या होत्या, त्यांचेही आकडे कागदावर बघून कीव यावी. मात्र एक खरेदीखत वेगळं होतं, आणि तेही आमच्या भिंतीला लागून असलेल्या तेवढ्याच घराचं. किंमत अडीच हजार. घर विकणारी बांगड्यांचा धंदा करणारी एक मुसलमान विधवा होती. व्यवहार करून ती मंगरूळपीरला मुलीकडे गेली होती. मी घरी येऊन सांगितलं तेव्हा आत्या म्हणाली, "मले आठवते. घेणारा कमी लिव म्हने. थे म्हने, जो कागज पे नहीं वो मेरे हाथ में भी नहीं आएगा. पुरे लिवले तवाच तिनं आंगठा देला."

मी त्या खताची नक्कल काढली. रविवारी सकाळी दिरानं गल्लीतले तीनचार जाणते ओसरीवर बोलावले, तेव्हा मी ती सतरंजीवर ठेवली आणि म्हटलं, या हिशोबानं आत्याच्या अर्ध्या हिश्शाचे साडेबाराशे होतात.

दीर हसला. "थे बाई येडी व्हती. सरकारचा कागद गोठा म्हनते. का हो काका, खोटा हाये का थो कागद?"

ज्यांना विचारलं त्या काकांचं घरही गोठाच होतं. ते खोकले. बाकीचे सतरंजीचे धागे पाहू लागले. माझ्या जिभेवर बरंच काही आलं होतं, पण आत्यानं माझा हात दाबला. तिनं पदराची गाठ सोडली, आतली सोन्याच्या मण्यांची एकदाणी काढून नकलेशेजारी ठेवली आणि शांतपणे बोलली.

"भाऊजी, तुमचाच भाव मले मंजूर. गोठ्याचे पाचशे. घरं दोघांचे सारखे हायेत, तं तुमचा हिस्सा मीच घेते. एकदानी सोनाराकडं तोलून घ्या, वर काही उरलं तं परत द्या."

दाराआडून दिराची बायको म्हणाली, "काहून जी? मी लेकरं घेऊन गोठ्यातून कुठं जाऊ?" मघाशी खोकलेले काका म्हणाले, "भाव तं तूच सांगतला, बाप्पा." मला आत्याचा इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले, आणि ते कुणी पाहिलं असतं तरी मला चाललं असतं.

दिरानं नक्कल उचलून पुन्हा वाचली. मग म्हणाला, "बरं वयनी. साडेबाराशे देतो."

मला वाटलं, जिंकलो. आत्यानं एकदाणी उचलून पुन्हा गाठीत बांधली.

"आता नाही भाऊजी," ती म्हणाली. "साडेबाराशेची वस्तू हाये हे तुमीच पंचाइतीसमोर कबूल केलं. एवढी मोलाची जागा मी कायले इकू? मी इथंच राह्यते."