दंडोबाच्या पायथ्याशी तंबोऱ्याची तार

लढाईहून परत आल्यानंतर देवाशी माझं बोलणं जवळजवळ बंद झालं होतं. भांडण असं नव्हतं. फौजेत मी मोटारी चालवत आणि दुरुस्त करत असे. तिकडे जे पाहिलं, त्यानंतर हात जोडले तरी आतून काही उमटत नसे. घरी दिवा लावायची ती माझी बायको सोना, उपास करायची तीच, दंडोबाला नवस बोलायची तीही तीच. मी उंबऱ्यात चपला काढून उभा राहत असे, इतकंच.

त्या वेळी मी कवठे महांकाळजवळच्या एका गावी इनामदारांची मोटार चालवत होतो. उन्हाळ्यात आमची लहानगी हिरा घशाने आजारी पडली. आधी पडसं वाटलं, मग ताप चढला आणि एका सकाळी तिच्या श्वासाला करवतीसारखा आवाज येऊ लागला. तालुक्याच्या डॉक्टरांनी चमच्याने जीभ दाबून आत पाहिलं. घशात करडा पडदा धरला होता. “घटसर्प आहे. यावरची सुई मिरजेलाच मिळेल. आत्ताच्या आत्ता निघा,” एवढंच ते म्हणाले. मिरजेची रेल्वे निघून गेली होती. इनामदारांनी मी विचारायच्या आधीच मोटार काढायला सांगितलं.

मागच्या बाकावर सोना हिराला छातीशी उभी धरून बसली होती. आडवं केलं की पोरीचा श्वास अडायचा. रस्ता खडीचा, ऊन डोक्यावर. उजवीकडे दंडोबाचा डोंगर दिसू लागला तशी सोना काही पुटपुटू लागली. तेवढ्यात जळक्या रबराचा वास आला. मी खाली पाहतो तो स्टिअरिंगमागच्या, काटे-बटणं असलेल्या पाट्यामागून धूर निघत होता. इंजिनाने एक आचका दिला आणि मोटार आपल्याच वेगाने थोडी घरंगळत जाऊन थांबली.

उडी मारून मी बॅटरीची तार उपसून काढली. धूर विरला. तार परत लावून कर्ण्याचं बटण दाबलं, तर आवाज नाही. पायाने स्टार्टर दाबला तर इंजिन फिरत होतं, पण पेट घेत नव्हतं. खरं म्हणजे यातच सगळं कळायला हवं होतं. पण मागून तो करवतीचा आवाज येत होता आणि माझं डोकं चालेनासं झालं. मी स्टार्टर दाबतच राहिलो. इंजिन मंदावत गेलं, बॅटरी उतरू लागली, तरी मी दाबतच होतो. फौजेत नव्या पोरांना जे करू नका म्हणून मी ओरडायचो, तेच करत होतो.

“आवं, थांबा जरा!” सोना म्हणाली. “हिचं व्हट निळं पडाय लागल्यात. तुमी असं केलंसा तर मी कुणाकडं बघू?”

मी खाली उतरलो. रस्त्यावर दूरवर माणूस नाही, झाड नाही. मोटारीच्या तापलेल्या पत्र्यावर कपाळ टेकवलं. चटका बसला तरी उचललं नाही. समोर डोंगर होता. नवस बोलावा असं मनात आलं नाही. द्यायला माझ्यापाशी काय होतं? मी एवढंच म्हणालो, “मला जमत नाही. आता तू बघ.” कित्येक दिवसांनी मी त्याच्याशी बोललो होतो. काही दिसलं नाही, काही ऐकू आलं नाही. फक्त डोकं ठिकाणावर आलं.

मग मी पहिल्यापासून सुरुवात केली. इंजिन फिरतंय म्हणजे बॅटरीत जीव आहे. कर्णा गप्प, इंजिनाला ठिणगी नाही. म्हणजे वीज मधेच कुठेतरी तुटते आहे. मागच्या दिव्याचा बल्ब काढून त्याला तारेचा वीतभर तुकडा बांधला आणि एकेक जागी टेकवत गेलो. बॅटरीपाशी बल्ब लागला. पाट्यामागे टेकवला, लागला नाही. मधली मुख्य तार चाचपली तर वरचं कापडी वेष्टण कोळशासारखं गळून पडलं. आतलं तांबं वितळून तुटलं होतं. पण ती जळली का, हे कळल्याशिवाय दुसरी तार घालून उपयोग नव्हता. तीही जळली असती. शोधता शोधता स्टिअरिंगच्या दांड्यापाशी कर्ण्याची तार सापडली. लोखंडावर घासून घासून ती उघडी पडली होती. मी ती कापूनच टाकली.

दोष कळला, आणि त्याचबरोबर हेही कळलं की माझ्यापाशी तार नाही. कर्ण्याच्या तारेसकट शेजारच्या साऱ्या तारा एकमेकींत वितळून चिकटल्या होत्या. मागच्या दिव्याची ओढली तर तिचे गंजून हातात तुकडे झाले. बॅटरीपासून इंजिनाला ठिणगी पुरवणाऱ्या कॉइलच्या डब्यापर्यंत एकच चांगली तार हवी होती. मी रिकाम्या हातांनी रस्त्यात उभा राहिलो. त्या वेळी मला राग आला नाही, याचं मला आजही नवल वाटतं.

पंढरपूरच्या बाजूने एक बैलगाडी येत होती. गाडीत मोठमोठे वाळलेले भोपळे रचले होते. हाकणारे पांढऱ्या दाढीचे गृहस्थ आमच्यापाशी थांबले. “काय झालं, बाबा?”

मी विचारलं, “चाचा, तुमच्याकडं तार हाय का? कसलीबी.”

ते हसलेसुद्धा नाहीत. “मी मिरजेचा तंबोरे करणारा. तारेबिगर कसा फिरू?” असं म्हणत त्यांनी पिशवीतून पितळेच्या तारेची गुंडाळी काढली. एका मठातल्या तंबोऱ्याला तारा चढवून ते घरी निघाले होते. तार बारीक होती. एकेरी घातली असती तर तापून तुटली असती. तेव्हा आम्ही दोघांनी चार-पाच पदर घेऊन पीळ दिला. सोनाने लुगड्याचा पदर फाडून चिंध्या दिल्या. चाचांनी त्या गच्च गुंडाळून वरून मेण चोळलं. त्यांना मोटारीतलं काही कळत नव्हतं. मी बोट ठेवीन तिथे ते धरून ठेवत आणि ओठांतल्या ओठांत काही म्हणत होते.

बॅटरीत आता इंजिन फिरवण्याइतका जोर नव्हता. मी हँडल मारलं. एकदा, दोनदा. काही नाही. तिसऱ्यांदा इंजिन खोकलं आणि धरलं. सोनाने बसल्या जागेवरून हात जोडले. चाचा म्हणाले, “आता बोलत बसू नका. जावा, मालिक हाय.”

पुढचा रस्ता मी कसा कापला, ते मलाच ठाऊक. प्रत्येक खड्ड्यात तार निसटेल असं वाटे. चिंध्यांचा वास येऊ लागला, तरी वेग कमी करण्याची सोय नव्हती. मिरजेच्या बाजारात गर्दी, आणि आमच्या मोटारीला कर्णा नाही. सोना खिडकीतून अर्धी बाहेर वाकून ओरडत होती, “बाजूला व्हा! लेकरू हाय, बाजूला व्हा!” लोक ढकलगाड्या ओढून वाट देत होते. दवाखान्याच्या पायरीशी पोचलो तेव्हा हिराने मान टाकली होती. डॉक्टरांनी तिला सोनाच्या हातून घेतलं आणि आत नेलं. घशाला खालून छेद देऊन नळी बसवावी लागली, मग सुया. आम्ही बाहेर ओसरीवर बसून राहिलो. नर्सने येऊन सांगितलं, “श्वास चालू आहे, या,” तेव्हा सोना आत धावली आणि तिच्यामागून मी.

पोरगी वाचली. पुढे बरेच दिवस तिचा आवाज घोगरा होता. घरी नेण्याआधी मी चाचांना शोधून काढलं. तंतुवाद्यं करणाऱ्यांच्या गल्लीत ते भोपळा तासत बसले होते. मी पाय धरले तसे ते अवघडले. म्हणाले, “अरं, मी तर आदल्या दिवशीच निघणार होतो. मठातल्या बुवांनी जेवल्याबिगर सोडलंच न्हाई, मग मुक्काम पडला. पोरगी कशी हाय?”

यावर मी पुष्कळ विचार केला आहे. कुणी म्हणेल योगायोग; मी वाद घालत नाही. दोष मी शोधला, तो फौजेत शिकलेल्या कामाच्या जोरावर. पण माझं डोकं ज्या क्षणी ठिकाणावर आलं, तो क्षण माझ्या कमाईचा नव्हता, आणि त्या बुवांनी जेवायला आग्रह केला तोही नव्हता. आपल्या हातचं असेल तेवढं नीट करावं. ते संपलं की उगीच आदळआपट करू नये, वाट पाहावी. मला हे उशिरा कळलं, पण कळलं.

सोनाने त्या दिवशी मोटारीत बोललेला नवस फेडायला आम्ही दंडोबावर गेलो. हिरा अर्धा डोंगर स्वतःच्या पायांनी चढली. देऊळ डोंगरात कोरलेल्या लेण्यात आहे; तिथल्या गार अंधारात पुजाऱ्यांनी विचारलं, “काय मागायचंय?” सोनाने माझ्याकडे पाहिलं. मला मागण्यासारखं काही सुचेना. मी हात जोडून नुसता उभा राहिलो, आणि या वेळी आतून काहीतरी हललं.