नेपाळचं जाड पुस्तक

जयपूर स्टेशनाबाहेर परदेशी प्रवाशांची जुनी गाइडबुकं विकणारा म्हातारा मला पहिल्यापासून खटकायचा. गिऱ्हाईक आलं की विचारायचा, "कितने दिन जाओगे? घर पे कौन रहेगा?" पुस्तकवाल्याला या चौकशा कशाला? नक्कीच चोरांशी संधान!

मी नेपाळचं जाड पुस्तक उचललं. त्यात डोंगरवाटा, जुनी देवळं, धर्मशाळा, सगळं होतं. राहायचो एकटा, पण ठोकून दिलं, "माँ है घर पे."

त्यानं जाड काढून घेऊन नेपाळचंच एक पातळ हातात ठेवलं. "जिसकी माँ राह देखे, वो सब देखने नहीं रुकता."

खोटं उघडं पडेल म्हणून पातळच विकत घेतलं.

नेपाळात आठ दिवसांत पुस्तक संपलं. परतलो, तर क्वार्टरच्या दारावर जाताना लावलेली दोन्ही कुलपं तशीच माझी वाट बघत होती.